शाई व मुद्रांकन, हातकागदावरील

हातकागदावर शाईने लेखन करण्याची व कोरीव मुद्रेचा ठसा उमटविण्याची तंत्रे. छपाईपूर्व काळात महाराष्ट्रातील सनदा, वतनपत्रे, महजर, हिशेब व ग्रंथ यांची निर्मिती या तंत्रांनीच होत असे. लेखाचा टिकाऊपणा मुख्यतः शाईवर व कागदावर, तर त्याची विश्वसनीयता बव्हंशी ठशावर अवलंबून असे.

मराठवाड्यात हातकागदाचे प्रसिद्ध केंद्र दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानचे कागजीपुरा हे होय. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, त्या वेळी कागद करणारे कारागीर येथे आले, अशी परंपरा आहे. चिंध्या, ताग इत्यादींच्या लगद्यापासून केलेल्या कागदास खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटीत. खळ कमी पडल्यास शाई फुटे व अक्षर पसरे; घोटणी अती झाल्यास शाई कागदात न मुरता पृष्ठावर राही आणि पुढे तिचे पापुद्रे निघत. या दोहोंचा मेळ कारागिरास अनुभवानेच साधावा लागे. [→ कागद].

लेखनाची काळी शाई मुख्यतः काजळ, बाभळीचा डिंक व पाणी यांची असे. काजळाचे कण पाण्यात विरघळत नाहीत. डिंक त्यांना तरंगत ठेवतो व कागदास चिकटवितो. म्हणून मिश्रण दीर्घकाळ खलावे लागे. काजळ म्हणजे कार्बन. तो उजेडाने विटत नाही, त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीची अक्षरे आजही काळीभोर दिसतात. मात्र डिंक पाण्याने सुटत असल्याने ही शाई धुतली जाते. हिराकस व हिरड्यासारखे तुरट द्रव्य यांपासून केलेली शाई कागदात मुरते व सहज धुतली जात नाही. परंतु तिच्यातील आम्लाने कालांतराने कागदच जळतो.

या साहित्याविषयी मराठीतील एक महत्त्वाचा उल्लेख जालना जिल्ह्याशी निगडित व्यक्तीकडून आलेला आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब (जांबसमर्थ) हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचे निरूपण करतो. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर व कडेचा समास यांबरोबरच निरनिराळ्या देशींचे बोरू, टाक तोडण्याचे प्रकार, मसीचा संग्रह, हिंगूळ व अळिता यांसारखे रंग आणि ग्रंथाची बांधणी यांचाही त्यात विचार आहे. साहित्य आधी जमवून, पारखून मग लिहावे, असा त्याचा रोख असून, लेखन ही जोपासण्याची कारागिरी आहे, ही दृष्टी त्यातून व्यक्त होते.

धुतल्या वा खरवडल्या जाणाऱ्या शाईच्या लेखास शिक्क्याचा आधार आवश्यक होता. मुद्रेवर अक्षरे उलटी व खोल कोरीत. सपाट पृष्ठास शाई लावून दाबल्यावर खाचांतील अक्षरे कागदावर पांढरी व भोवतालची जमीन काळी उमटे. शाई पातळ झाल्यास ती खाचांत शिरून मजकूर बुजे. म्हणून ठशाची शाई दाट ठेवणे भाग असे. शहाजी व जिजाबाई यांच्या मुद्रा फार्सी होत्या. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी असून तिचा मजकूर संस्कृत आहे. रांझे येथील पाटलासंबंधीच्या १६४६ मधील पत्रावर ती आढळते. माथ्यावरील शिक्का लेख कोणाचा ते सांगे, तर अखेरीचे मोर्तब मजकूर तेथेच संपल्याची ग्वाही देई, त्यामुळे खाली नवी ओळ घुसडणे अवघड होई. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द यातूनच रूढ झाला.

याच कोरीव कामातून छपाईचे प्रयोगही झाले. नाना फडणीसांच्या प्रेरणेने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याचे काम पुण्यात सुरू झाले व त्या पद्धतीने १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापली गेली. येथे शिक्क्याच्या उलट क्रिया होती : शाई खाचांत भरून पृष्ठ पुसून घेतल्याने अक्षरे काळी उमटत. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी लाकडी दाबयंत्र व शाई स्वतः तयार करून शिळाछापाचे प्रयोग केले. मात्र छापखान्याने ग्रंथलेखन मागे पडले, तरी दफ्तरातील हाताचे लेखन व शिक्का दीर्घकाळ टिकून राहिले.

जालना परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. संस्थानी अंमलामुळे मराठवाड्यातील जुन्या कागदपत्रांत मोडीबरोबरच फार्सी व उर्दू लेख आढळतात. वतन, इनाम व सीमा यांविषयीचे हक्क अशा लेखांवरच ठरत. वरवर जुनाट दिसणारा कागद खरा की बनावट, हे ठरविताना मजकुराइतकीच शाईची जात, ठशाची जागा व कागदाची घोटणी यांची साक्ष मोलाची ठरते. घरोघरी रुमालांत बांधलेली अशी कागदपत्रे ओल, वाळवी व अजाण दुरुस्ती यांमुळे नष्ट होतात. काजळी शाईचा कागद शाईची परीक्षा न करता पाण्याने स्वच्छ केल्यास अक्षरे व शिक्का दोन्ही पुसले जातात, आणि एका गावाच्या हक्काचा पुरावा कायमचा नाहीसा होतो.