काचेच्या चंबूतले समुद्रशैवाल

आपल्या बडोद्याच्या घरांत चायना ग्रास नवा नाही. उन्हाळ्यात तो भिजवून, उकळून, साखर-वेलचीच्या दुधात घालून ताटात ओतायचा आणि थिजला की वड्या पाडायच्या, हे आपल्या आज्या करीत आल्या. जिलेटिन प्राणिज म्हणून वर्ज्य; हा मात्र चालतो, कारण तो वनस्पतीचा. नाव चीनचे, आणि गवत तर तो मुळीच नव्हे. लाल रंगाच्या समुद्रशैवालापासून काढलेला हा डिंकासारखा पदार्थ, शास्त्रज्ञांच्या भाषेत अगर. ज्या अगरावर आपण वड्या थापतो, त्याच अगरावर प्रयोगशाळेत आता समुद्रशैवालच वाढवले जाते. त्या गोष्टीत बडोदे संस्थानाचा जुना किनाराही येतो, म्हणून ती या अंकात सांगावीशी वाटली.

अगर प्रयोगशाळेत आला तोच मुळी स्वयंपाकघरातून. 1881 च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. उन्हाळ्यात ते वितळायचे, आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकायचे. तिथे काम करणारे वाल्थर हेस वैतागले होते. तुमची जेली उन्हात कशी टिकते, असे त्यांनी पत्नीला, फॅनी यांना विचारले. फॅनीबाईंना अगर ठाऊक होता तो जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून. उकळत्या पाण्याच्या जवळपास वितळणारा आणि एकदा थिजला की उबेतही न पाघळणारा हा पदार्थ जंतुशास्त्राच्या फार कामी आला. 1882 मध्ये क्षयाच्या जंतूवरील आपल्या निबंधात कॉख यांनी अगरचा उल्लेख केला. फॅनीबाईंचे नाव मात्र त्यात नाही. स्वयंपाकघरातल्या ज्ञानाच्या वाट्याला बहुधा हेच येते.

पुढे जगाला अगर पुरवायचा तो जपानने. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला आणि दवाखान्यांपासून लसींच्या कारखान्यांपर्यंत साऱ्यांची अडचण झाली. भारतात त्याच काळात आपल्याच किनाऱ्यावरच्या ग्रॅसिलेरिया या शैवालापासून अगर काढण्याचे प्रयोग झाले. आपल्या समुद्रात काय उगवते याची हिशेबी चौकशी गरजेपोटी सुरू झाली ती अशी.

आता ओख्याकडे वळू. द्वारका, बेट आणि ओखा धरून जे ओखामंडळ, ते गायकवाडांच्या राज्यात होते, हे आपल्या घरांतल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. नव्या पिढीला मात्र सांगावे लागते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या सरकारने या किनाऱ्याची पाहणी जेम्स हॉर्नेल या इंग्रज सागरशास्त्रज्ञाकडून करून घेतली. तिचा अहवाल 1909 आणि 1916 अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. उत्साहाच्या भरात कोणी महाराजांना समुद्रशैवालाच्या शेतीचे जनक ठरवील, तर ते खरे नव्हे. अहवाल सागरी प्राण्यांचा होता, वनस्पतींचा नव्हे. पण राजधानीपासून इतक्या दूरच्या, खडकाळ आणि कमी उत्पन्नाच्या किनाऱ्यावर ओहोटीला काय काय उघडे पडते, ते शास्त्रज्ञाने मोजून पाहावे असे एका संस्थानाला वाटले, ही गोष्ट लहान नाही. पुढे 1920 नंतरच्या दशकात डॅनिश शैवालतज्ज्ञ बॉर्गेसन यांनी द्वारका-ओख्याच्या खडकांवर शैवाले गोळा केली आणि त्यांची शास्त्रीय वर्णने लिहिली.

स्वातंत्र्यानंतर हे काम भावनगरला गेले. 10 एप्रिल 1954 रोजी पंडित नेहरूंनी तिथल्या केंद्रीय संशोधन संस्थेचे उद्घाटन केले. तिच्या नावात आधी मीठ येते आणि मग सागरी रसायने. शैवाल त्या दुसऱ्या शब्दात दडलेले.

ऊतिसंवर्धन, म्हणजे टिश्यू कल्चर, आपल्याला केळीमुळे माहीत आहे. जळगावकडे आता रोपे प्रयोगशाळेतून येतात. वनस्पतीची सुटी पेशी योग्य खाद्य मिळाल्यास पुन्हा पूर्ण झाड होऊ शकेल, ही कल्पना हाबरलांट यांनी 1902 मध्येच मांडली होती. जमिनीवरच्या झाडांत ती पुढे साधली. समुद्रशैवालाने मात्र दाद दिली नाही. 1978 मध्ये कॅनडात चेन आणि टेलर यांनी काँड्रस या शैवालाच्या आतल्या गाभ्याचे संवर्धन केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे वाट दिसली.

अडचण कशाची? समुद्रशैवालाला मुळे नसतात, ते अंगभर पाणी पिते, आणि त्या अंगावर असंख्य जंतू वस्तीला असतात. ते काढले नाहीत तर खाद्य घातलेल्या काचपात्रात आधी जंतूच माजतात. काढले तर दुसरेच संकट. प्रोवासोली या शास्त्रज्ञाने दाखवले की काही हिरवी शैवाले पूर्ण निर्जंतुक केली की आपला आकारच विसरतात. पानासारखी चादर न होता पेशींचा विस्कळीत पुंजका होतो. विशिष्ट जंतू परत सोडले की आकार परततो. म्हणजे ज्यांना आपण घाण समजून धुऊन टाकतो, तेच त्याचे घरचे लोक.

भारतातली मुख्य कथा आहे कप्पाफायकस अल्वारेझी या लाल शैवालाची. त्यापासून कॅराजिनन निघते. आइस्क्रीम, टूथपेस्ट यांना दाटपणा आणणारे. 1960 नंतर हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डॉटी यांच्या पुढाकाराने फिलिपिन्समध्ये त्याची शेती उभी राहिली. शेती सोपी: फांदीचा तुकडा तोडायचा, दोरीला बांधायचा, दीड महिन्यात काढायचा, त्यातलाच तुकडा पुन्हा बांधायचा. या सोपेपणातच मेख होती. बी नाही, नवा संकर नाही. वर्षानुवर्षे त्याच रोपाचे तुकडे, त्यामुळे वाढ मंदावते आणि रोग पडला तर सगळ्यांवर एकदम पडतो. ऊस लावणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. बेणे बदलावेच लागते.

भारतात हे शैवाल 1984 मध्ये जपानहून भावनगरच्या संस्थेत आले. आधी प्रयोगशाळेत रुळवले, मग सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, ओख्याच्या समुद्रातही लावून पाहिले, आणि नंतर तामिळनाडूत मंडपमला नेले. बेणे बदलण्याचा उपाय भावनगरनेच शोधला. कोवळ्या फांद्या आधी सौम्य साबणाने, मग जखमेला लावतात त्या आयोडीनच्या औषधाने धुतल्या आणि प्रतिजैविकांत ठेवल्या. त्यांच्या बारीक चकत्या अगरावर मांडल्या. काही आठवड्यांत कापलेल्या कडेवर पेशींचा पुंजका फुटला, त्यातून भ्रूणासारखे कण आणि त्यांतून चिमुकली रोपे. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झाले. यातली काही रोपे समुद्रात लावली तेव्हा शेतातल्या नेहमीच्या रोपांपेक्षा दीड ते पावणेदोन पट वेगाने वाढली.

एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबणे आम्हाला बरोबर वाटत नाही. मंडपम परिसरात बचत गटांच्या शेकडो बायका बांबूच्या तराफ्यांवर ही शेती करू लागल्या होत्या. 2012 च्या सुमारास वाळलेल्या मालाचे उत्पादन वर्षाला सुमारे दीड हजार टनांवर पोचले, आणि लगेच 2013-14 मध्ये पाणी तापून, रोग पडून पीक कोसळले. पुन्हा तराफे भरायचे तर जोमदार बेणे कुठून आणायचे, हा प्रश्न त्या घरांच्या चुलीचा होता. दुसरीकडे, 2008 मध्ये मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ हेच परदेशी शैवाल प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. दीडपट वेगाने वाढणारे रोप शेतात हवे, पण ते प्रवाळावर चढले तर तोच वेग घातक. म्हणूनच ग्रॅसिलेरियासारख्या आपल्या किनाऱ्यावरच्या मूळ जातींचे ऊतिसंवर्धन आम्हाला अधिक मोलाचे वाटते, पैसे थोडे कमी मिळाले तरी.

ओख्याच्या बाजूला अडचण आणखी निराळी आहे. जून ते सप्टेंबर तिथला समुद्र इतका खवळलेला असतो की दोऱ्या-तराफे काही टिकत नाहीत. बेणे वाहून जाते आणि पाऊस सरल्यावर दुसरीकडून आणावे लागते. ते चार महिने बेणे किनाऱ्यावरच सांभाळणे हा एक मार्ग: काही टाक्यांत, आणि त्याहून थोड्या जागेत, काचेच्या चंबूत. आपल्या मांडवात आरत्या चाललेल्या असतात त्या दिवसांत ते चंबू मंद पांढऱ्या दिव्याखाली, थंड खोलीत मांडलेले असतात, आणि समुद्र शांत झाला की त्यांतली रोपे दोरीला बांधायची असतात.