भरवशाची बंदूक: टांग्यातून मोटारीत

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ मागे थांबले होते. साधारण माझ्याच वयाचे. त्यांचा मुलगा अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात असतो. आता तिथलाच नागरिक आहे. नोकरी फिरतीची, रस्ते लांबलचक आणि ओसाड. त्याने गाडीत ठेवायला पंप शॉटगन घ्यायचं ठरवलंय, ‘स्वस्त आणि भरवशाची’. वडिलांना झोप नाही. मला म्हणाले, “सर, तो मला विचारतो कुठली घेऊ? मी आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. काय सांगू?” त्या दिवशी मी काही बोललो नाही. घरी येऊन वाचत बसलो. आजचं व्याख्यान हे त्यांना दिलेलं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

वाहनातली बंदूक ही मोटारीपेक्षा जुनी गोष्ट आहे. १८५२ मध्ये वेल्स फार्गो ही कंपनी निघाली. कॅलिफोर्नियातलं सोनं आणि पैसा ती घोडागाड्यांतून ने-आण करायची. पेटी गाडीवानाच्या आसनाखाली, आणि त्याच्या शेजारी आखूड दुनळी बंदूक घेतलेला राखणदार. त्याला म्हणत ‘शॉटगन मेसेंजर’. आज तिथली पोरं मोटारीत पुढच्या सीटवर बसण्यासाठी ‘शॉटगन’ असं ओरडतात, ते याच आठवणीतून. मात्र तो वाक्प्रचार घोडागाड्या गेल्यानंतरचा. आता रायफल सोडून छऱ्यांची बंदूक का? तर हिंदकळणाऱ्या गाडीवरून नेम धरणं कठीण. छरे थोडे फाकतात, चूक सांभाळून घेतात. आपल्याकडे बँकेच्या रोकड गाडीबरोबर बारा बोअरची बंदूक घेतलेला रखवालदार दिसतो ना, तो याच राखणदाराचा लांबचा भाऊबंद.

याच गाड्या १८७५ ते १८८३ या काळात ‘ब्लॅक बार्ट’ नावाच्या दरोडेखोराने लुटल्या, एकदा नव्हे, पंचवीसहून अधिक वेळा. हातात शॉटगन, बोलणं अदबीचं, आणि बंदूक म्हणे भरलेलीच नसायची. सापडला कसा? पळताना रुमाल पडला आणि त्याच्यावर धोब्याची खूण होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या धोबीखान्यांतून चौकशी करत गुप्तहेर त्याच्यापर्यंत पोहोचले. गंमत सोडून द्या, पण बघा, ही रिकामी बंदूक आठ वर्षं अगदी भरवशाने ‘चालली’. म्हणजे भरवसा नक्की कुठे असतो? बंदुकीत, की समोरच्याच्या मनात?

इथे मला माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. ज्ञान खरं आहे याची खात्री कुठून येते, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. मीमांसक म्हणाले, स्वतः. ज्ञान उपजतच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत त्याच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. नैयायिक म्हणाले, परतः. लांब पाणी दिसलं, जवळ गेलात, प्यालात, तहान भागली, मग ठरलं की ते ज्ञान खरं होतं. दुकानदार जेव्हा म्हणतो, “ही बंदूक भरवशाची आहे”, तेव्हा तो मीमांसकासारखा बोलतो. मी या बाबतीत नैयायिक आहे. का, ते पुढे कळेल.

पंप शॉटगन म्हणजे काय ते आधी पाहू. मुख्य नळीखाली दुसरी बारीक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक. पुढची मूठ मागे ओढली की उडालेलं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. ताकद हाताची. याउलट अर्धस्वयंचलित बंदुकीत ती ताकद काडतुसातूनच यावी लागते; काडतूस हलकं निघालं की ती अडखळू शकते, आणि किंमतही जास्त. हाताला काडतुसाच्या जोराशी देणंघेणं नाही. पंपाच्या लोकप्रियतेचं सगळं मर्म एवढंच.

पहिली चाललेली पंप शॉटगन १८८२ ची, ख्रिस्तोफर स्पेन्सरची. पण बाजार काबीज केला तो जॉन ब्राउनिंगने. त्याची रचना विंचेस्टरने १८९३ मध्ये काढली. ती काळ्या दारूसाठी होती. तोवर धूरविरहित दारू आली, दाब वाढला, आणि चारच वर्षांत मजबूत केलेली १८९७ ची आवृत्ती काढावी लागली. ती १९५७ पर्यंत, दहा लाखांवर बनली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी तीच बंदूक संगीन लावून खंदकांत नेली. जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये अधिकृत निषेध नोंदवला, हे हत्यार अमानुष आहे म्हणून! विषारी वायू सोडणाऱ्यांचा निषेध. अमेरिकेने तो फेटाळला. पण त्या खंदकांत बंदुकीला खरा त्रास शत्रूने दिला नाही, ओलीने दिला. काडतुसं तेव्हा कागदी नळकांड्यांची असत. दमट हवेत ती फुगली आणि बंदुकीत जाईनात. पितळी काडतुसं आणावी लागली. बंदूक तीच, कारागीर तोच, तरी भरवसा कागदापाशी गेला.

आता स्वस्ताईकडे येऊ. विंचेस्टरचं १९१२ चं मॉडेल, ज्याला नुसतं ‘मॉडेल १२’ म्हणतात, ते जाणकारांच्या मते या जातीतलं सर्वांत सुबक काम. घडीव पोलादातून एकेक भाग कोरून काढलेला, हाताने जुळवलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढली आणि हे काम परवडेनासं झालं. १९६० च्या दशकाच्या मध्यात नेहमीचं उत्पादन थांबलं. त्याआधीच, १९५० मध्ये, रेमिंग्टनने ‘८७०’ आणली होती. चौकट पोलादाच्या ठोकळ्यातून कोरलेली, पण आतले अनेक भाग पत्रा ठोकून, साच्यातून काढलेले. किंमत सत्तर डॉलरच्या आत. जुने कारागीर नाकं मुरडत होते. पण बंदूक चालली, आणि एक कोटीच्या वर खपली.

मग मॉसबर्ग. १९१९ पासून एकाच घराण्याची कंपनी. त्यांनी १९६० च्या सुमारास ‘५००’ काढली, चौकट ॲल्युमिनियमची, म्हणून हलकी आणि स्वस्त. मूठ आणि आतला खटका जोडणारी पट्टी सुरुवातीला एकच होती. दोन पट्ट्यांच्या रचनेचं पेटंट रेमिंग्टनकडे होतं. ते संपलं, १९७० मध्ये मॉसबर्गनेही दोन पट्ट्या घातल्या. पुढे अमेरिकी लष्कराने ३,००० काडतुसांची कठोर चाचणी ठेवली, तीही मॉसबर्गने पार केली. त्याच घरातली आणखी स्वस्त बहीण म्हणजे ‘मॅव्हरिक ८८’. त्या मुलाच्या खिशाला नवीन बंदुकीत बहुधा हीच परवडेल, आणि वाईट नाही.

रेमिंग्टनने मात्र उलटा धडा दिला. १९८७ मध्ये ८७० ची ‘एक्सप्रेस’ नावाची स्वस्त आवृत्ती काढली. वरचा मुलामा खरखरीत, आणि पुढच्या काळातल्या बंदुका लवकर गंजतात अशी ओरड सुरू झाली. घरात कपाटातल्या बंदुकीला ते चालून जातं. गाडीत? दिवसा ऊन, रात्री थंडी, काचेवर दव, त्यात कुणी तेलाचा बोळा फिरवायला तयार नाही. कंपनीने २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली. कारणं पुष्कळ होती, गंज हे काही मुख्य नव्हे. पण नावाचा भरवसा आधीच झिजला होता.

मोटारीतल्या शॉटगनचा मोठा अनुभव अमेरिकेच्या पोलिसांचा. त्यांनी एक शिस्त बसवली: खालच्या नळीत काडतुसं भरलेली, पण मुख्य नळी रिकामी. कारण या जातीच्या बहुतेक बंदुका पडल्या-आपटल्या तर उडू शकतात. चापाचं कुलूप फक्त चाप अडवतं. गाडीने खड्डा घेतला तर काय, हा विचार त्यात आहे.

आता ६ एप्रिल १९७०. कॅलिफोर्नियात न्यूहॉल गावाजवळ मध्यरात्रीच्या सुमारास हायवे पोलिसांचे चार तरुण जवान दोन गुन्हेगारांशी झालेल्या गोळीबारात मारले गेले. काही मिनिटांचा खेळ. त्यांच्यातल्या एकाने गाडीतली शॉटगन काढून चालवली होती. नंतर जमिनीवर एक न उडालेलं काडतूस सापडलं. म्हणजे घाईत, भीतीत, मूठ एकदा जास्त ओढली गेली आणि जिवंत काडतूस बाहेर फेकलं गेलं. बंदुकीत काहीही बिघाड नव्हता. उलट चूकही होते: मूठ पुरती मागे जात नाही, अर्ध्यातून परतते, आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज. त्या चार घरांचा विचार करताना मला दरवेळी ते एक काडतूस दिसतं. यंत्रातला स्वयंचलित भाग काढून टाकला की बिघाड नाहीसा होत नाही, मंडळी, तो माणसाच्या हातात येतो. म्हणून मी म्हटलं, परतः प्रामाण्य. ही बंदूक भरवशाची आहे की नाही हे तिच्या मालकाच्या सरावाकडे पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही.

२८ फेब्रुवारी १९९७ रोजी नॉर्थ हॉलिवूडमध्ये चिलखत घातलेल्या दोन बँक-दरोडेखोरांपुढे पोलिसांची पिस्तुलं आणि शॉटगन तोकड्या पडल्या. त्यानंतर गस्तीच्या गाड्यांत रायफली येऊ लागल्या आणि पोलिसांच्या जुन्या ८७० बाजारात उतरल्या. बाहेरून गाडीच्या कडीने ओरखडलेल्या, आतून पुष्कळदा फारशा न झिजलेल्या. जुन्या काळच्या पोलादाची, कमी दामात. ‘स्वस्त आणि भरवशाची’ याचं शब्दशः उत्तर हवं असेल तर हे घ्या.

पण एक राहिलं. वॉशिंग्टन राज्यात मोटारीत भरलेली रायफल किंवा शॉटगन ठेवायला मनाई आहे, आणि मुख्य नळी रिकामी ठेवून भागत नाही, खालची नळीही रिकामी लागते. हा नियम वन्यजीवांच्या कायद्यात आहे. गाडीत बसून हरणं मारणाऱ्यांसाठी केलेला. तेव्हा पोलिसांची ती शिस्त या मुलाला लागू नाही. त्याची बंदूक गाडीत रिकामीच राहणार, ब्लॅक बार्टसारखी. शिवाय अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांपैकी फार मोठा वाटा अलीकडे उभ्या गाड्यांतून जातो.

ते गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसलेत. काका, मुलाला कंपनीचं नाव नंतर सांगा. आधी दोन गोष्टी विचारा. गाडी रात्री कुठे उभी असते? आणि महिन्याला पंचवीस काडतुसांचं एक खोकं तरी तो मैदानावर जाऊन उडवणार आहे का? दुसऱ्याला “बघू” असं उत्तर आलं, तर तेच पैसे बर्फातल्या टायरांत घालायला सांगा. त्या रस्त्यांवर त्यांची गरज रोज पडते. आणि “हो” म्हणाला, तर ओरखडे पडलेली जुनी ८७० किंवा नवी मॅव्हरिक, दोन्हींतली कुठलीही चालेल. गाडी उभी करून उतरला की बंदूक बरोबर घरात न्यायची, एवढं मात्र कबूल करून घ्या.

चला, आता प्रश्न घेतो.