तीन वर्षांचं आयुष्य आणि तीस वर्षांचा लॅपटॉप

ज्यांच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी एखादा जुना, बंद पडलेला लॅपटॉप आहे, त्यांनी नक्की वाचा.

जूनच्या सुट्टीत ठाण्याहून परत येताना लेकाने आजोबांचा १९९४ सालचा लॅपटॉप बॅगेत घातला. सासरे तेव्हा इथेच, रुवीत, एका बांधकाम कंपनीचे हिशेब बघायचे. मशीन इथेच घेतलेलं, त्यामुळे अ‍ॅडॅप्टरची पिनसुद्धा इथलीच, तीन चौकोनी काड्यांची. घरी आल्यावर लावलं. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. नवरा म्हणाला, भंगार आहे, टाकून द्या. हिशेबाच्या भाषेत त्याचं बरोबरच होतं. आपल्या २०१३च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलंय. मी स्वतः किती कंपन्यांच्या पुस्तकांत ते तीन वर्षांत संपवलंय! पण मशीनमध्ये नेमकं काय संपतं, हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

लॅपटॉपचा इतिहास सांगताना लोक चिप आणि स्क्रीनबद्दल सांगतात. दुरुस्तीवाल्याचा इतिहास वेगळा असतो, तो बॅटरी आणि कपॅसिटरचा. तोशिबाचा टी११०० आला १९८५ साली. १९८९ साली अ‍ॅपलने मॅकिंटॉश पोर्टेबल काढला. वजन सव्वासात किलो, म्हणजे आपली केबिन बॅगच. आत बॅटरी शिसं-आम्लाची, गाडीत असते त्याच जातीची. गंमत म्हणजे वीज बॅटरीतूनच पुढे जाईल अशी जोडणी होती. बॅटरी मेली की अ‍ॅडॅप्टर लावूनही मशीन सुरू होत नसे. चांगलंभलं मशीन एका बॅटरीपायी मेल्यासारखं पडून राहायचं.

मग १९९१ साली पॉवरबुक आले. सप्टेंबर १९९२ मध्ये अ‍ॅपलने ६०,००० पॉवरबुक १०० परत बोलावले, कारण आत शॉर्ट होऊन प्लॅस्टिकच्या खोक्याला भोक पडू शकत होतं. प्रत्यक्षात तसं झालं होतं तीन मशीनमध्ये. म्हणजे ०.००५ टक्के! ऑडिटमध्ये एवढ्याशा फरकाकडे आम्ही ढुंकून बघत नाही, पण वीज आणि आग आली की नियम बदलतात. १९९५ साली पॉवरबुक ५३०० मध्ये नवीकोरी लिथियम-आयन बॅटरी घातली. सुरुवातीच्याच दोन मशीननी पेट घेतल्यावर ती काढून जुन्या पद्धतीची निकेलची बसवली. २००६ साली पुन्हा तेच: सोनीने बनवलेल्या बॅटऱ्यांपायी एकट्या डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत घेतल्या.

बॅटरी निदान दिसते तरी. कपॅसिटर दिसत नाही. बोर्डावर वीज एकसारखी राहावी म्हणून हे छोटे डबे ती साठवतात आणि सोडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात एक द्रव असतो आणि खाली रबराचं बूच. १९९०च्या आसपासच्या बोर्डांवरचे असे कितीतरी डबे काही वर्षांत गळायला लागले. तो द्रव तांब्याच्या रेषा खातो. सोल्डरिंगची गरम टोक लागली की वास येतो, चक्क मासळीचा. मग २००० नंतर दुसरी साथ आली. त्या वेळचे कपॅसिटर वरून फुगायचे, फुटायचे. कुणीतरी द्रवाचं सूत्र चोरलं आणि तेही अर्धवट, अशी कथा तेव्हा फार फिरली; ती कधी सिद्ध झाली नाही. पण डेलच्या २००५च्या हिशेबात या खराब बोर्डांपोटी सुमारे ३० कोटी डॉलरचा खर्च दिसला, ते मात्र खरं. काही पैशांचा डबा आणि ३० कोटी डॉलर. मी तेव्हा नुकतीच सीए झाले होते. असा आकडा समोर आला असता तर तरतूद बरोबर आहे ना एवढंच बघितलं असतं.

तर आमचं मशीन. रुवीत एक केरळचे मेकॅनिक आहेत, गल्लीतलं दोन खुर्च्यांचं दुकान. त्यांनी आमचा अ‍ॅडॅप्टर आधी बाजूला ठेवला. "मॅडम, यह मरा नहीं है, सिर्फ पानी छोड़ा है." मशीन उघडलं. घड्याळ चालू ठेवणारी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी फुटून आजूबाजूला हिरवं-निळं पसरलेलं. त्यातला पदार्थ अल्कली, म्हणून ते आधी व्हिनेगरने पुसलं आणि मग अल्कोहोलने धुतलं.

फ्यूज उडालेला होता. लेक म्हणाला, "अंकल, फ्यूज बदलो ना." ते हसले. फ्यूज का उडाला ते आधी शोधायचं म्हणे. मला आमच्या ऑफिसातली नवी पोरं आठवली. ताळेबंद जुळला नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकून मोकळी!

मग मीटर घेऊन पिन, फ्यूज, त्यापुढची वाट असं एकेक ठिकाण मोजत गेले. अगदी व्हाउचर लावत जावं तसं. फ्यूजच्या पुढे शॉर्ट सापडला. बोर्डावर अल्कोहोल शिंपडून मर्यादित करंटचा पुरवठा दिला आणि कुठलं आधी सुकतंय ते बघत बसले. एका पिवळ्या दाण्यावरचं झटकन उडालं. टँटलमचा कपॅसिटर. हे खराब होतात तेव्हा बहुतेकदा शॉर्टच होतात. तो बदलला, गळलेले सात डबे बदलले, खाल्लेल्या दोन रेषांवरून केसाएवढी तार ओढली. फ्यूज सगळ्यात शेवटी. तीन शनिवार गेले.

घरी कुणी करणार असाल तर एवढंच: जुन्या अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट आणि अधिक-उणे मोजल्याशिवाय मशीनला लावू नका. इथे २४० व्होल्ट, भारतात २३०, ते चालतं. अमेरिकेतल्यांनी १२० बघून घ्या. फुगलेल्या बॅटरीला मुलांना हात लावू देऊ नका, आणि विमानात तर ती अजिबातच नेऊ नका.

मशीन सुरू झालं. तारीख दाखवली १ जानेवारी १९८०. हार्ड डिस्क कुरकुरली, पण चालली. ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला तर सासरे आधी ओरडलेच, "अरे, बटणं हळू दाब!" लोटसमध्ये 'घर' नावाची फाइल निघाली. महिन्यांच्या ओळी आणि रकाने: भाडं, ड्राफ्ट, किराणा, फोन. फोनचा रकाना दर महिन्याला जवळपास सारखाच. सप्टेंबर १९९६ मध्ये मात्र तिप्पट. माझी सवय, मी विचारलं, बाबा, हा आकडा चुकलाय का?

"नाही गं," म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला टायफॉइड झाला होता."