पैसे संपल्यावरचा डाव

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या घरी तीन पत्ती रंगायची. मी दहाएक वर्षांचा असताना ऐन डावात मामाचे पैसे संपले. समोरचे काका चाल वाढवतच होते. “पैसे नाहीत ना? मग पॅक कर,” कुणीतरी म्हणालं. मामाने पानं पालथी टाकली. सतरंजी आवरताना मी ती हळूच उलटून पाहिली. तीन गुलाम!

पुढे पत्त्यांच्या इतिहासाच्या मागे लागलो, तेव्हा मामाची ही अडचण मला थेट मिसिसिपी नदीवर भेटली. पोकर वाढला तो न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात आणि या नदीवरच्या वाफेच्या बोटींवर. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने १८२९ मध्ये लुईव्हिलहून न्यू ऑर्लिन्सला जाताना बोटीवर पाहिलेल्या डावाची हकिकत १८४४ च्या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. तेव्हा हा खेळ वीस पानांचा होता. बोलीला कमाल मर्यादा नसली की अशा खेळात एक खोट राहते. पानं कशीही असोत, ज्याचं पाकीट जड तो समोरच्याला परवडणार नाही एवढी बोली लावून उठवू शकतो. समोरच्याने मग कर्ज काढावं, नाहीतर पानं टाकावीत.

यावर एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी खेळाडूंनी तोड काढली. पैसे अपुरे पडले तर उरलेले सगळे लावून ‘साइट’ मागायची, म्हणजे तेवढ्या रकमेपुरती पानं पाहण्याचा हक्क मागायचा. त्याच्या जोडीला ‘टेबल स्टेक्स’चा नियम रुळला: हात सुरू होताना जे टेबलावर असेल तेवढंच पणाला, मध्येच खिशात हात घालायचा नाही. आजचे ऑल-इन आणि साइड पॉट याच विचारावर उभे आहेत.

हिशेब सोपा आहे, पण भर डावात भल्याभल्यांचा चुकतो. समजा, अ कडे १००, ब कडे २५० आणि क कडे ६०० आहेत, आणि तिघांनीही सगळे लावले. अ च्या बरोबरीने प्रत्येकाचे शंभर, असा मुख्य पॉट ३०० चा. ब आणि क यांचे वरचे दीड-दीडशे मिळून ३०० चा साइड पॉट. त्यावर अ चा हक्क नाही. क च्या उरलेल्या ३५० ला जोडीच नाही, म्हणून ते त्याला परत. अ ची पानं सर्वांत भारी निघाली तर त्याला ३०० मिळतात, साइड पॉट ब आणि क मध्ये ज्याची पानं सरस त्याचा. ब सरस ठरला तर दोन्ही पॉट त्याचे. (मध्येच पानं टाकून गेलेल्याचे पैसे मात्र पॉटमध्येच राहतात.) थोडक्यात, गरिबाला उठवता येत नाही, पण त्यालाही प्रत्येकाकडून आपल्या रकमेएवढंच मिळतं.

मला या नियमाची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. पाडव्याला आपण द्यूतप्रतिपदाही म्हणतो, म्हणून सभापर्व आठवतं. संपत्ती संपली तेव्हा युधिष्ठिराने भाऊ लावले, मग स्वतःला, मग द्रौपदीला. ‘समोर आहे तेवढंच’ असं त्या सभेत कुणी म्हटलं नाही.

१९८२ च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये जॅक स्ट्रॉस हरून उठू लागला, तेव्हा त्याला आपली पाचशेची एक चिप उरलेली दिसली, असं सांगतात. तोंडाने ‘ऑल-इन’ म्हटलेलं नसल्याने ती त्याचीच ठरली. तिथून खेळत तो ती स्पर्धा जिंकला.

गेल्या पाडव्याला मी पत्ते खेळताना सतरंजीवर दोन वाट्या ठेवल्या आणि सगळ्यांना हा हिशेब समजावला. मामा बराच वेळ बोटं मोजत होता.

“म्हणजे त्या रात्री मला साडेआठ रुपये मिळाले असते,” तो म्हणाला.

“काकांकडे तीन राण्या नसत्या तर,” मी म्हणालो.

“नसत्या तर,” मामा म्हणाला आणि पत्ते पिसू लागला.