ओटीवरून शाळेकडे



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असे चिटणीसताईंनी सांगितले. मी सातवीपर्यंतच शिकलेली. तरी मनात सलणारी एक गोष्ट थोड्या इतिहासासह सांगते.

माझ्या लहानपणी शेजारी माझ्याच वयाची मुलगी होती. पोलिओने तिचे दोन्ही पाय अधू झाले होते. मी शाळेतून आले की ती ओटीवर बसून माझी पाटी मागून घेई आणि अक्षरे गिरवी. ‘हिला रोज उचलून शाळेत नेणार कोण?’ एवढ्या एका प्रश्नावर तिचे शिक्षण संपले.

पूर्वी अशा मुलांचे शिकणे परोपकारी माणसांवरच अवलंबून असे. मुंबईत १९०० साली अ‍ॅना मिलर्ड या मिशनरी बाईंनी अंध मुलांसाठी शाळा काढली. १९५० साली राज्यघटना अमलात आली. शासनाने ऐपतीप्रमाणे शिक्षणाची व अपंगांना साहाय्याची तरतूद करावी, असे तिचे ४१ वे कलम सांगते. पुढे १९७४ साली केंद्र सरकारने अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवण्याची योजना आणली. तिच्यात पुस्तके, गणवेश आणि जाण्यायेण्याचा खर्चही धरला होता. म्हणजे आमच्या आळीतल्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या कागदावर होते! ते आमच्या ओटीपर्यंत आले नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारायलाही गेले नाही.

१९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंतचे मोफत शिक्षण हा अशा मुलांचा हक्क झाला. २०१६ च्या नव्या कायद्याने उच्च शिक्षणात निदान ५ टक्के जागा राखल्या. नववी-दहावीपासून पुढे शिष्यवृत्त्या आहेत. परीक्षेत जादा वेळ आणि गरज असल्यास लेखनिकही मिळतो. मात्र बहुतेक सवलतींना सरकारी रुग्णालयाचा किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो घरबसल्या हाती येत नाही. आपल्याला त्यासाठी अलिबाग गाठावेच लागते.

भगिनींनो, सरकारची मदत नाव नोंदलेल्या मुलालाच मिळते. लोक काय म्हणतील म्हणून लेकरू माजघरात ठेवू नका. कुणा आईला एकटीने जाणे अवघड वाटत असेल, तर आपल्यातल्या एकीने तिच्यासोबत एसटीत बसावे. मंडळाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

माझी ती मैत्रीण आज सुरेख शिवण करते. हिशेब मात्र माझ्या मुलीकडून लिहून घेते.

चूकभूल द्यावी घ्यावी.