मंगळासाठी १०५ मिलिमीटर

बंगळुरूत शिकायला आलेले विद्यार्थी शिष्यवृत्तीतून पैसे साठवून पहिला कॅमेरा घेतात, तेव्हा बहुधा एकच विचारतात : सर्वांत लांब पल्ल्याची लेन्स कोणती? मी त्यांना मंगळयानाची हकीकत सांगतो.

५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेल्या या यानावर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडविलेला रंगीत कॅमेरा होता. लेन्सचे नाभीय अंतर १०५ मिलिमीटर, म्हणजे हौशी छायाचित्रकार व्यक्तिचित्रांसाठी वापरतात तेवढेच. संवेदक मात्र जेमतेम ११ मिलिमीटर रुंद. त्यामुळे चौकटीत सुमारे ६ अंशांचेच दृश्य मावे.

हा आकडा कक्षेने ठरविला असे मला वाटते. यान मंगळापासून सुमारे ४२२ ते ७७,००० किलोमीटर अंतरात फिरणार होते. दूरच्या टोकावरून मंगळबिंब ५ अंशांहून किंचित लहान दिसते. २०० मिलिमीटरची लेन्स असती तर जवळची विवरे अधिक रेखीव उमटली असती; पण अखंड मंगळ एका चौकटीत कधीच मावला नसता. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस, सुमारे ७४,५०० किलोमीटरवरून तो मावला, उत्तर गोलार्धातल्या धुळीच्या वादळासह. यानाशी संपर्क बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाच्या अँटेनातून चाले.

या निवडीची किंमतही होती. १ जुलै २०२० रोजी ४,२०० किलोमीटरवरून टिपलेला फोबोस चित्रात जेमतेम शंभरेक पिक्सेल भरतो. त्यावरचे स्टिकनी विवर ओळखू येते, एवढेच. तिथे मात्र लांब पल्ल्याची लेन्स हवी होती.