चेहरा नियमाबाहेर
विजेने माणूस मरतो तो झटक्याने, एवढेच मला ठाऊक होते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीजही त्यांच्याच खात्याकडे होती. मजूर आणि वीज यांचा विचार तेव्हा एकाच टेबलावर झाला. पुढे १९५६ च्या वीज नियमांत हातमोजे, रबरी बूट, पट्टा यांची नावे आली. चेहऱ्याचे नाव त्यांत नव्हते! १९८२ मध्ये अमेरिकेत राल्फ ली यांनी हिशेब मांडला: आर्कची उष्णता सुमारे १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत, सूर्याच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक. तारेला न शिवताही माणूस भाजतो. आमच्या वस्तीतला कंत्राटी हेल्पर मात्र अजून तोंडाला नायलॉनचा रुमाल बांधून फ्यूज घालतो. तो रुमाल वितळून कातडीलाच चिकटतो. साहेब दहा पावले मागे उभे. अंतर राखणे त्यांना शिकवावे लागत नाही.